डॉक्युमेंटेशनमधली सासू

माझा उजवा हात मोडला तो शेळीच्या दाव्यात पाय अडकून. दिवाळी आटपून पुण्याला परत निघाले होते. पाठीला लॅपटॉपची बॅग, हातात आईने बांधून दिलेल्या पोह्यांची पिशवी, नजर फोनमध्ये. शेळी उठली, दावं ताणलं गेलं आणि मी पोह्यांसकट अंगणात आडवी झाले. पोहे वाचले, लॅपटॉपही वाचला. महाडच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला, कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि विचारलं, "काम काय करता?"

"कॉम्प्युटरवर."

"मग काय अडचण नाही. बसूनच तर असतं."

ऑफिसला फोन करताना मी "घरी पडले" एवढंच सांगितलं. शेळी वगळली.

आमची कंपनी लहान आहे. सर, मी आणि आणखी थोडे जण. ग्रामपंचायती, पतपेढ्या, दूध सोसायट्या यांच्या उपयोगाचं एक मराठी सॉफ्टवेअर पॅकेज आम्ही बनवतो. आकड्यात लिहिलेली रक्कम अक्षरी करून देणं, नावं क, ख, ग च्या क्रमाने लावणं, पावतीवर तारीख मराठीत छापणं अशी त्यातली कामं. प्रत्येक कामासाठी कोडचा एक छोटा तुकडा असतो, त्याला फंक्शन म्हणतात. सरांची फार दिवसांची तक्रार होती की हे पॅकेज कसं वापरायचं ते आम्ही कुठेच नीट लिहिलेलं नाही. लोक फोन करतात आणि आम्ही त्याच त्याच गोष्टी सांगत बसतो.

"आता तुझा एकच हात चालतोय, तर कोड लिहू नकोस," सर म्हणाले. "प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर मराठीत कॉमेंट लिही. बाकीचं आपोआप होईल."

हे आपोआप होतं ते असं. कोडमध्ये मधेमधे माणसांसाठी टीप लिहून ठेवता येते, तिला कॉमेंट म्हणतात. कॉम्प्युटर ती वाचत नाही. तिच्यात काहीही लिहा, कोडला फरक पडत नाही. पण कॉमेंटच्या सुरुवातीला एक ठरावीक खूण घातली, की एक दुसरा प्रोग्राम रोज संध्याकाळी येतो, अशा सगळ्या कॉमेंटी वेचतो, त्यांना मथळे देतो, अनुक्रमणिका लावतो आणि छान वेबसाइट तयार करून जगापुढे ठेवतो. वर्णन, परतावा, वापराचे उदाहरण, सावधान, सूचना असे आमचे मथळे. परतावा म्हणजे त्या फंक्शनकडून आपल्याला काय परत मिळतं ते. मजकूर शहाणपणाचा आहे की नाही हे तो प्रोग्राम बघत नाही. मथळ्याखाली काहीतरी असलं की तो खूश.

डाव्या हाताने एक वाक्य टाइप करायला मला चहा निवेपर्यंत वेळ लागायचा. म्हणून मी बोलून टाइप करायची सोय सुरू केली. आपण बोलायचं, कॉम्प्युटरने लिहायचं. मराठी त्याला बरीच येत होती, पण ती पुस्तकातली.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात आमची वाडी. घरात फोनला रेंज नाही. ती फक्त पडवीत येते, आणि पडवीतसुद्धा कोपऱ्यातल्या भाताच्या कणगीपाशी. तेव्हा माझं ऑफिस कणगीशेजारी थाटलं. अडचण एवढीच होती की ती पडवी म्हणजे आमच्या आईचं ऑफिस होतं, आणि तिच्याकडे माणसांची ये-जा माझ्यापेक्षा जास्त होती.

रोज येणारी म्हणजे शेजारची काकी. नात्याने आईची चुलत जाऊ. काकीचा मुलगा महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. रात्रपाळी करून तो सकाळी घरी येऊन झोपतो. तो झोपला की काकीला स्वतःच्या घरात मोठ्याने बोलता येत नाही, आणि हळू बोलणं तिला जमत नाही. म्हणून वाल सोलायला, पापड वाळवायला, नाहीतर नुसतंच, ती आमच्या पडवीत यायची. काकीची सून, जिला मी वहिनी म्हणते, खाली ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर ऑपरेटर आहे. तीही सकाळीच कामाला जाते. त्यामुळे काकीच्या बोलण्याचा मुख्य विषय दिवसभर घराबाहेर असायचा आणि रान मोकळं असायचं.

मी कानात हेडफोन घालून काम करायचे. माझी पद्धत अशी: आधी मथळा बोलायचा, "परतावा." मग खालचा कोड वाचायचा, विचार करायचा, मग पुढचं वाक्य बोलायचं. झालं की, वर काय उमटलंय ते परत न वाचता, कॉमेंटची घडी घालायची. म्हणजे ती स्क्रीनवर एका ओळीत मिटते आणि खालचा कोड मोकळा दिसतो. मी विचार करत असताना माइक चालूच असतो, ही गोष्ट मला ठाऊक होती. पण मी गप्प आहे म्हणजे तोही गप्प आहे, अशी माझी समजूत होती. कणगीपलीकडे कोण काय बोलतंय ते मला हेडफोनमुळे ऐकू येत नव्हतं. त्याला येत होतं.

माझं काम तपासायला ऑफिसात एक सहकारी होता. हुशार, अतिशय काटेकोर, आणि केरळचा. मराठी त्याला वाचता यायची नाही. सगळ्या खुणा जागच्या जागी आहेत ना, मथळ्यांचा क्रम बरोबर आहे ना, एवढं तो बघायचा आणि मंजुरी द्यायचा. एकदा त्याने कौतुकाने लिहिलं की एवढ्या सविस्तर कॉमेंटी त्याने आजवर कुणाच्याच पाहिल्या नाहीत. मला बरं वाटलं. सरांनीही कळवलं की पॅकेजमधल्या सगळ्या फंक्शनांपुढे हिरवी खूण दिसतेय, असं पहिल्यांदाच घडतंय. मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "हात मोडून एवढं करतेस, दोन हात असताना काय करत होतीस गो?"

अशात वहिनीचा कचेरीतून फोन आला. घरपट्टीच्या पावतीवर आमचं पॅकेज रक्कम अक्षरी छापायचं आणि शेवटी 'फक्त' लावायचं. ग्रामसेवकांना तिथे 'मात्र' हवं होतं. 'फक्त' लिहिलेल्या पावतीवर ते सहीच करेनात. "कसं बदलायचं सांग गो, लोकं रांगेत उभी हायत," वहिनी म्हणाली.

मी माझ्या कामात गर्क होते. आमच्या धंद्यातल्या माणसाच्या तोंडी जे उत्तर कायम तयार असतं तेच मी दिलं. "डॉक्युमेंटेशन वाच. सगळं लिहिलंय मी त्यात."

तिने वाचलं.

त्या दिवशी उन्हं कलताना वहिनी चढण चढून आली, स्वतःच्या घरात डोकावली आणि लगेच आमच्याकडे आली. खांद्याला पर्स, हातात भलंमोठं जर्मनचं पातेलं. ते तिने माझ्यापुढे ठेवलं.

"हे घे तुमचं पातेलं."

"कसलं पातेलं?"

"सत्यनारायणाला आमच्याकडं नेलेलं. परत दिलं नाय म्हणून तुझी आई बोंबलते ना?"

आई तेव्हा गुरं आणायला गेली होती. मला पातेल्याचं काही माहीत नव्हतं. "तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या डॉक्युमेंटेशननं." तिने फोन काढून माझ्या नाकासमोर धरला. "आनी नुसतं पातेलं नाय. माझी सासूबी हाय त्यात."

मी वाचायला लागले. रक्कम अक्षरी करणाऱ्या फंक्शनचं पान. मथळा निळा, खाली बारीक रेघ, सगळं सुबक. वर्णन माझंच होतं. त्याखाली:

परतावा: पातेलं. मोठं जर्मनचं. तिनं नेलं ते अजून परत दिलं न्याय.

हा 'न्याय' मला आधी कळेना. मग लक्षात आलं. आमच्या गावचं 'नाय' त्या कॉम्प्युटरला ठाऊक नव्हतं, म्हणून तो प्रत्येक वेळी 'न्याय' लिहीत गेला होता. त्या सगळ्या पानांवर इतका न्याय होता की कोर्टातसुद्धा मिळणार नाही.

सावधान: कोंबडी आत शिरली. हाकल तिला. ऐकत न्याय ती.

"पुढं बग," वहिनी म्हणाली. तिने बोटाने पान सरकवलं. नावं क्रमाने लावणारं फंक्शन आलं.

वापराचे उदाहरण: भाकरी थापते का नकाशा काढते तेच समजत न्याय. पोलादपूरपासून महाबळेश्वरपर्यंतचा घाट दिसतो तिच्या भाकरीत.

ही आई नव्हती. हे काकीचं बोलणं होतं, शब्दन् शब्द, आणि ज्या भाकरीबद्दल होतं ती थापणारी माझ्यासमोर उभी होती. "वहिनी, माफ कर गो. मला खरंच माहीत नव्हतं. आत्ता काढते."

"थांब, काढू नको!" तिने फोन छातीशी धरला. "माझी अजून पानं वाचायची हायत." आणि ती हसायला लागली. खदाखदा. हसता हसता कणगीला टेकून खाली बसली. "ग्रामसेवक बाजूलाच हुबा होता गो. मी मोठ्यांदा वाचत होते, 'वापराचे उदाहरण', आनी पुढं भाकरी! तो बोलला, हे कुठलं पॅकेज हाय? मी बोलले, आमच्या वाडीतलं हाय."

मग आम्ही दोघी शेजारी बसून वाचायला लागलो. काकीने सुनेच्या सगळ्या खोड्या काढल्या होत्या. फोनवर बोलते, केस विंचरायला वेळ घेते, दासगावहून माहेरची माणसं आली की मासळी आमटीत जास्त पडते. वहिनी प्रत्येकावर काहीतरी उत्तर देत होती आणि हसत होती. "मासळी ती लोकं स्वतः घेऊन येतात, ते नाय सांगितलं बघ." तारीख मराठीत छापणाऱ्या फंक्शनपाशी मात्र ती थांबली.

सूचना: माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तवा हिनंच सगळं केलं. लेक माझी मुंबईला, फोनवर रडली नुसती. ही रडली न्याय. रजा टाकून बसली, येळच्या येळी थेंब घातले डोळ्यात. गुणाची हाय पोर. तोंडावर न्याय बोलायची मी, शेफारंल.

वहिनीने ते वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तिचं हसू गेलं होतं. पदराने तिने फोनची काच पुसली, काच स्वच्छच होती.

"कधी बोलली ही असं?" तिने विचारलं.

"मला काय माहीत? माझ्या कानात हेडफोन होते."

"मला वाटायचं तिला त्याचं कायच नाय." ती उठली. पर्स खांद्याला लावली. "आज नको काढूस. उद्या काढ."

मी तिचं ऐकायला हवं होतं की कंपनीचं, हा प्रश्न आलाच नाही. मी लगेच डाव्या हाताने सगळं पुसून दुरुस्ती पाठवली, पण केरळचा सहकारी घरी गेला होता. सकाळपर्यंत मंजुरी मिळणार नव्हती. तोपर्यंत काकी जगापुढे बोलतच राहिली. रात्री मी आईला सगळं सांगितलं.

सकाळी काकी आली ती हातात वाल न घेता. म्हणजे बसायला आलेली नव्हती.

"जाऊबाय! पातेलं आलं ना तुझं? मिळालं? थंड झालीस?"

आई चुलीपुढून उठून बाहेर आली. "मी कधी मागितलं गो?"

"मागितलं नाय, कॉम्प्युटरात घातलंस! माझी सून सरकारी कचेरीत वाचते, मी पातेलं दाबलं म्हणून! अगं, त्याचा कान तुटलेला, तो डाग द्यायला महाडला पाठवलं होतं मी. आठवडाभर त्या दुकानात पडून होतं. तुझ्याच भल्यासाठी!"

आईने कोपऱ्यातलं पातेलं उचलून बघितलं. कान खरंच नवा डागलेला होता. ते तिने पुन्हा खाली ठेवलं. "मग सांगायचं ना! आनी तू माझ्या पडवीत बसून सुनेची उणीदुणी काढतेस, तीबी हायत त्यात. मी एकटीच नाय काय!"

मला वाटलं, आता काकी वरमेल. तिने हात उडवला. "ते हाय तर हाय. भाकरीचं मी तिच्या तोंडावर सांगते. रोज सांगते. त्यात काय लपवायचं?" मग ती माझ्याकडे वळली आणि तिचा आवाज एकदम खाली आला. काकीचा आवाज खाली आलेला मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. "बाय, ते डोळ्याचं... ते चांगलं बोलले, तेबी लिहिलंय का गो?"

"हो काकी."

"आनी तिनं वाचलं?"

"दोनदा."

काकी मटकन खाली बसली. "मेले! तरीच सकाळी मला विचारते, आई, चहात आलं घालू का? कधी विचारत नाय. आता ती डोक्यावर बसंल माझ्या. इतकी वर्षं संभाळून ठेवलेलं!"

आई हसायला लागली. काकीने तिच्याकडे असं पाहिलं की पातेलं फेकून मारते की काय. नेमका तेव्हा माझा फोन वाजला. सर होते.

"अगं, महाडच्या एका पतपेढीतून फोन आला होता," सर म्हणाले. त्यांचा आवाज फार सावध होता. "ते विचारतायत, नव्या आवृत्तीत परताव्यात पातेलं येतं असं लिहिलंय, आमच्याकडे नुसती रक्कमच येतेय. ठेवीवर भांडं द्यायची काही योजना निघाली आहे का? मी त्यांना म्हटलं चौकशी करतो. हे पातेलं काय आहे?"

मी तोंड उघडायच्या आत काकीने विचारलं, "कोण हाय? तुझा साहेब हाय? दे इकडं." आणि फोनवर झुकून, झोपलेल्या मुलाची पर्वा न करता, ती ओरडली, "साहेब, पातेलं दिलंय परत! डाग देऊन दिलंय! हेबी लिवा तिथं!"

मग सर म्हणाले, "जे मला आत्ता ऐकू येतंय, तेच सगळं तिथे छापलंय का?"

"हो सर. पण दुरुस्ती पाठवलीय. फक्त मंजुरी बाकी आहे."

"शेवटपर्यंत हेच आहे?"

"मधेमधे मीपण आहे, सर."

सरांना हसू आवरेना. तरी त्यांनी केरळच्या सहकाऱ्यासमोर बसून मंजुरी देववली, संध्याकाळचा तो प्रोग्राम सकाळीच चालवला आणि अर्ध्या तासात काकी इंटरनेटवरून खाली उतरली. पतपेढीला त्यांनी काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

पुढचे काही दिवस फार वाईट गेले. लॅपटॉप उघडला की पडवीत कुणी बोलेना. आई मला जेवायला खुणेने बोलवायची. काकी वाल सोलायला यायची, पण ओठ घट्ट मिटून. सांगितल्यावाचून राहवेना की आईला हाताला धरून गोठ्यात न्यायची. वाटेने जाणारी माणसंसुद्धा आमच्या घरापाशी आवाज लहान करायची. एका काकांचा मात्र उलटा समज झाला. आपलं म्हणणं या यंत्रातून थेट वर पोचतं असं त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. ते रोज येऊन माझ्या स्क्रीनसमोर वाकून, स्पष्ट उच्चारात, "आमच्या वाडीचा रस्ता दोन पावसाळे वाहून गेलेला हाय," असं सांगून, नमस्कार करून जायचे. माइक बंद आहे हे त्यांना सांगायचा मला धीर झाला नाही.

प्लास्टर निघालं तेव्हा हात काडीसारखा झाला होता. डॉक्टर म्हणाले, बोटांना व्यायाम द्या. मी पुन्हा टाइप करायला लागले आणि माइक कायमचा बंद केला. काकी दोन दिवस लांबून बघत राहिली, मग खात्री पटल्यावर जवळ येऊन बसली, आणि साठलेलं सगळं एका बैठकीत बोलून मोकळी झाली.

यातून कंपनीत एक बदल झाला. मराठी डॉक्युमेंटेशन प्रसिद्ध होण्याआधी ते वापरणाऱ्या कुणीतरी वाचावं, असं सरांनी ठरवलं. आणि वाचून दाखवल्याचा अनुभव एकाच व्यक्तीला होता. वहिनी आता कचेरी सुटल्यावर घरून हे काम करते. कामात ती निर्दय आहे. माझ्या एका वर्णनावर तिने शेरा मारला होता, "हे कळत नाय. सासूबाईंचं कळलं होतं." केरळच्या सहकाऱ्याने तो शेरा भाषांतर करून घेऊन वाचला आणि मला विचारलं की सासूबाई हे कुठल्या आवृत्तीत होतं. 'फक्त' च्या जागी 'मात्र' कसं करायचं हेही तिनेच लिहून काढलं. ते मी लिहायला विसरले होते.

मागच्या खेपेला घरी गेले तेव्हा काकी स्वतःच्या पडवीत बसून महाडजवळच्या नाते गावाहून आलेल्या पाहुणीला सांगत होती, "माझ्या सुनेला पुण्याच्या साहेबानं काम दिलंय. दुसऱ्याच्या लिवण्यातल्या चुका काढायच्या."

"तिला गो कसं जमतं?" पाहुणीने विचारलं.

काकीने मागे वळून दार पाहिलं. सून आत होती, भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तरीही काकीने आवाज लहान केला नाही.

"जमंल नायतर काय," ती म्हणाली. "चुका काढायला शिकली कुणाकडं?"